दॅट्स एंटरटेनमेंट - आज्जीला पण आवडला

ऑनलाइन जुनी डीव्हीडी मागवलेली, सबटायटल आहेत म्हणून लिहिलेलं आणि निघाले नाहीत, त्यामुळं एक स्टार कट. पण पिक्चर एक नंबर. १९७४ चा आहे, हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओला ५० वर्षं झाली म्हणून त्यांच्या जुन्या म्युझिकल पिक्चरमधली गाणी-नाच निवडून एकत्र केलेत, मध्ये मध्ये फ्रँक सिनात्रा, एलिझाबेथ टेलर असले जुने स्टार लोक येऊन आठवणी सांगतात. स्टोरी वगैरे शोधू नका, नाहीच. फ्रेड अस्टेअर आणि एलेनॉर पॉवेलचा टॅप डान्स (बुटांनी टकटक ठेका धरत नाच) बघा फक्त, १९४० चा, फारसे कट न मारता लांबलचक शॉट, दोघांचे पाय असे पडतात की जणू एकाच माणसाचे, मी तीनदा मागं घेऊन बघितला. आज्जी भडंग खात बसलेली, ती म्हणली आमच्या संगीत नाटकात वन्समोअर घ्यायचे तसं लाव की परत! सांगलीची बाई शेवटी 😄 एस्थर विल्यम्सचं पाण्यातलं गाणं पण भारी. स्टुडिओचे पडके सेट दाखवलेत तिथं मात्र जरा कसंतरी होतं, कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ आठवला. शेवटचा बॅले मला लांबला वाटला, आज्जी तर झोपलीच.