हेवी गाडीचा ट्रेनिंग कोर्स, माझा रिव्ह्यू (५ पैकी २.५)

भाच्याने हेवी लायसनसाठी हा कोर्स केला आणि मी स्वतः बरीच वर्षं ट्रेलरवर आहे म्हणून त्याच्यासोबत जाऊन मागे बसून क्लास बघितले, ग्राउंडवरची प्रॅक्टिसपण बघितली. स्कूलचं नाव टाकत नाहीये, कारण जे लिहितोय ते अशा बऱ्याच स्कूलना लागू पडतं.

आधी चांगलं ते सांगतो. शिकवणारे सर मनापासून शिकवतात, आरडाओरडा नाही. गाडी हलवायच्या आधीची चेकिंग रोज प्रत्येकाकडून करून घेतात, म्हणजे ब्रेकचं एअर प्रेशर (हेवी गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात) पूर्ण भरल्याशिवाय निघायचं नाही, ब्रेक पंप करून प्रेशर उतरवायचं आणि हवा कमी झाल्याचा बझर वाजतो का बघायचं, जोड टायरच्या मधे अडकलेला दगड काढायचा, ट्रेलर जोडला की खाली वाकून किंगपिनचं (ट्रेलरला पुढच्या गाडीशी जोडणारी जाड पिन) लॉक डोळ्यांनी बघायचं आणि मग ट्रेलरचा ब्रेक लावून गाडी हळूच पुढे ओढून बघायची. हे सगळं मला फार आवडलं. एका पोराला केबिनमधे बसवून बाकीच्यांना गाडीभोवती उभं केलं आणि आरशात कोण कोण दिसत नाही ते विचारलं, बंपरला चिकटून उभे असलेले दोघंही त्याला दिसत नव्हते, तेव्हा सगळी पोरं एकदम गप्प झाली. रिव्हर्सपण चांगला घोटून घेतात.

आता मुख्य तक्रार. पूर्ण कोर्सभर गाडी रिकामी. पहिल्या दिवशी रिकामी, टेस्टच्या दिवशीपण रिकामी. कोणीच एक टनसुद्धा माल टाकून चालवली नाही. आणि नोकरीला लागलं की पोराच्या हातात काय येतं तर फुल लोड गाडी! रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांचं वागणंच वेगळं असतं हो. ब्रेकला जी ताकद जिरवायची असते ती वजनाबरोबर वाढते आणि स्पीड दुप्पट झाला की चौपट होते, म्हणजे ४० वरून ८० ला गेलात की चौपट, हे गणित फळ्यावर लिहून कळत नाही, पायाला कळावं लागतं.

उताराचं तर विचारूच नका. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गियर टाकायचा, इंजिनाला आणि एक्झॉस्ट ब्रेकला (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा ब्रेक) गाडी धरू द्यायची, पायाचा ब्रेक थोडा मारून सोडायचा, हे क्लासमधे दोन वाक्यांत उरकलं. लायसन मिळाल्यावर मी भाच्याच्या शेजारी बसून भरलेली गाडी घेऊन गेलो तर उतारावर त्याचा पाय ब्रेकवरून निघेचना. गाडी बाजूला घ्यायला लावली, खाली उतरलो तर चाकातल्या ब्रेक ड्रमची धग लांबूनच लागत होती आणि जळका वास. ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या लायनरची पकड सुटते, मग पेडल कितीही दाबा गाडी थांबत नाही, आणि त्या वेळी खालचा गियर टाकायला जावं तर स्पीडमुळे तो पडतपण नाही, गाडी न्यूट्रलमधे अडकते. पोराची काहीच चूक नाही, त्याला कोणी दाखवलंच नव्हतं! अर्धा भरलेला टँकर ब्रेक मारल्यावर आतल्या लाटेने पुढे कसा ढकलला जातो, उंच माल असला तर वळणावर गाडी किती लवकर कलंडते, हे तर सिलॅबसमधे नावालापण नाही. माल बांधणं, ताडपत्री ओढणं तेही नाही.

ताडपत्रीचं का म्हणतोय, तर कॅनडात एप्रिल २०१८ ला हम्बोल्टच्या पोरांच्या हॉकी टीमची बस आणि ट्रक धडकले, १६ जण गेले. ट्रकवाला कामाला नुकताच लागलेला, मागे ट्रेलरची ताडपत्री फडफडत होती तिकडे त्याचं लक्ष गेलं आणि थांबायचा बोर्ड सुटला, असं कोर्टात पुढे आलं. त्यानंतर तिथल्या सॅस्कॅचेवान प्रांताने मार्च २०१९ पासून १२१.५ तासांचं ट्रेनिंग सक्तीचं केलं. ओंटारियोत २०१७ पासूनच किमान १०३.५ तास आहेत. युरोपात धंद्यासाठी ट्रक चालवायचा तर २८० तासांचा कोर्स किंवा १४० तासांचा छोटा कोर्स, किंवा नुसती परीक्षा देऊनही चालतं काही देशांत, पण नंतर दर ५ वर्षांनी ३५ तास परत बसावंच लागतं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ पासून ट्रेनिंग सक्तीचं केलं खरं, पण तास किती ते ठरवलंच नाही, ट्रेनरला वाटलं येतंय की झालं. मला हे अजिबात पटत नाही, कारण स्कूलला बॅच लवकर काढायची असते आणि ट्रान्सपोर्टवाल्याला गाडी उभी ठेवायची नसते, मग "येतंय" म्हणायला कोणाचं काय जातं?

तर पास होण्यासाठी कोर्स चांगला आहे, सरांना माझ्याकडून पूर्ण मार्क, कापलेत ते स्कूलच्या मालकाचे. फी भरायच्या आधी मालकाला तोंडावर विचारा की भरलेली गाडी कधी चालवायला देणार, उतारावर नेणार का, रात्री आणि पावसात किती वेळ, आणि हे लिहून द्या म्हणा. भाचा सध्या एका जुन्या ड्रायव्हरसोबत जोडीने जातोय, मी अजून त्याला एकट्याला गाडी घेऊ दिलेली नाही.