६५ इंची पॅनल, अकरा महिने, एक कुंभारीण आणि न सुटणारा ‘ग’

पॅनल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा. ६५ इंची, अँड्रॉइडवालं, टच इन्फ्रारेड. शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी, देवगडच्या बाजूला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने दिलेलं. रॅम, स्टोरेज, रिझोल्यूशन जाहिरातीत असतं तेवढंच आहे, त्यावर शाई घालवत नाही. वापर अकरा महिने, रोज साधारण दोन तास.

जूनमध्ये शाळा उघडली, पॅनल सुरू केलं आणि ते कोणी हात न लावता स्वतःच चालायला लागलं. मेनू उघडतो, मिटतो, पांढऱ्या फळ्यावर उजव्या वरच्या कोपऱ्यातून रेघा येत राहतात. सेवा केंद्रात तक्रार नोंदवली. माणूस एकोणिसाव्या दिवशी आला आणि दहा मिनिटांत निदान करून मोकळा झाला: टच फ्रेम (काचेभोवतीचा स्पर्श टिपणारा काठ) गेली, बदलावी लागेल, वॉरंटीत बसत नाही, कारण ‘कीटकांमुळे झालेलं नुकसान’. फ्रेमचा आकडा ऐकल्यावर त्याला चहा पाजून परत पाठवला. खरा प्रकार त्यानंतर सापडला. मेच्या सुट्टीत कुंभारणीने (मातीचं घर बांधणाऱ्या गांधीलमाशीने) काठाच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधलं होतं. ओल्या फडक्याने माती मऊ केली, उदबत्तीच्या काडीने खरवडली, फ्रेम ठणठणीत.

हे का होतं ते एकदा समजलं की अर्धे फोन वाचतात. काचेला स्वतःला स्पर्श कळत नाही. चारी बाजूंच्या उंच काळ्या काठात एका बाजूला इन्फ्रारेड दिवे आणि समोरच्या बाजूला ते टिपणारे डोळे असतात. काचेच्या किंचित वर या किरणांची जाळी विणलेली असते. आडवा आणि उभा किरण जिथे अडतो तिथे ‘बोट’ आहे असं यंत्र धरतं. मग ते बोट असो, पट्टी असो, रेनकोटची बाही असो नाहीतर संध्याकाळी किड्यांमागे धावणारी पाल. (पालीने काढलेली रेघ पहिलीच्या रेघांपेक्षा सरळ असते, हे नाइलाजाने नोंदवतो.) फायदा असा की ओल्या बोटानेही चालतं. तोटा असा की काठावर जे काही बसेल ते सगळं बोटच.

आमच्याकडे खालच्या काठावर बसतो तो खडूचा भुगा, कारण पॅनल फळ्याच्या शेजारी लावलंय. आता दर शनिवारी भिंतीवरचं बटण बंद करून एक इंची मऊ ब्रश चारी काठांच्या खाचेतून फिरवतो, आधी वरचा काठ, शेवटी खालचा, म्हणजे वरचा भुगा पुन्हा खाली साचत नाही. मग सुकं मायक्रोफायबरचं फडकं. चिकट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घ्यायचं, थेट काठावर फवारायचं नाही. मुंग्यांचा स्प्रे तर पॅनलच्या जवळपासही नको. पॅनल सुरू होत असताना समोर कोणी हात टेकून उभं राहू नये, बऱ्याच फ्रेम त्याच वेळी स्वतःला जुळवून घेतात. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट काठावर पडलं की तेवढ्या पट्ट्यात टच मेल्यासारखा होतो. पुठ्ठा आडवा धरून बघा. पुठ्ठ्याने टच परत आला तर दोष उन्हाचा, पडदा लावा, माणूस बोलावू नका.

आता मुख्य दुखणं. आपल्या मुलांचं लिहिणं ग-म-भ-न पासून सुरू होतं आणि हे पॅनल पहिल्या अक्षरालाच अडतं. ‘ग’ ला तीन हालचाली लागतात: डावीकडची गाठ, मग बोट उचलून दंड, मग पुन्हा उचलून शिरोरेघ. सहा वर्षांचं मूल बोट उचलतं ते दोन-तीन मिलिमीटर. किरणांची जाळी साधारण तेवढ्याच उंचीवर, म्हणजे यंत्राच्या लेखी बोट उचललेलंच नाही. गाठीपासून दंडापर्यंत रेघ ओढली जाते आणि ‘ग’ हा ‘म’ चा चुलतभाऊ होऊन बसतो. ‘गवत’ चं ‘मवत’. ‘ण’ आणि ‘श’ यांचाही दंड सुटा, त्यांची तीच गत. ‘न’ किंवा ‘त’ ला काही होत नाही, कारण तिथे रेघ मुळातच जोडलेली. सोबत आलेल्या पेनाने फरक पडला तो रेघेच्या जाडीत, मधे ओढल्या जाणाऱ्या शेपटीत नाही. ‘वीतभर उचल’ असं सांगून बघितलं. मूल वीतभर उचलतं आणि मग दंड कुठे टेकायचा ते विसरतं.

अक्षरांचं दुसरं दुखणं टाइपाचं. यंत्राची भाषा हिंदी ठेवून आली होती, त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसायचे. शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिलाय, मुलांच्या पुस्तकात तोच. सेटिंगमध्ये भाषा ‘मराठी’ केल्यावर काही अ‍ॅपमध्ये वळण सुधारलं, सगळ्यांत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे बालभारतीची पीडीएफ उघडणं, कारण तिचा टाइप फाइलीतच असतो.

दिवाळीत या अनुभवाची टिपणं काढली तेव्हा निकाल एका ओळीत लिहून ठेवला होता: ‘पहिलीसाठी निरुपयोगी, घेऊ नका.’ तो आता अर्धा मागे घेतोय. चूक यंत्राची जितकी, तितकीच त्याच्यावर लिहायला लावण्याची होती. पॅनलवर ‘ग’ फक्त मोठा करून दाखवायचा, कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर एवढंच. गिरवायचं ताटातल्या वाळूत. पुळणीची (समुद्रकाठची) वाळू चाळून दोनदा गोड्या पाण्याने धुवा आणि वाळवा, नाहीतर मिठामुळे ओल धरून गोळे होतात. ताटात अर्धा इंच थर पुरे. वाळूत बोट उचललं नाही तर ओहोळ दिसतो आणि मूल स्वतःच ‘चुकलं’ म्हणतं. पॅनलवर ते यंत्राला दोष देतं, आणि खरं सांगायचं तर बरोबर देतं.

अनपेक्षित आनंद दिला तो भलत्याच गोष्टीने. मोबाइलचा कॅमेरा पॅनलवर दाखवता येतो. इंटरनेट लागत नाही, पॅनलचाच हॉटस्पॉट सुरू करून मोबाइल त्याला जोडायचा. (वायरीने जोडायला गेलात तर स्वस्त मोबाइलच्या सी-टाइप पोर्टातून बहुधा चित्र बाहेर येतच नाही, वायर विकत घेण्याआधी तपासा.) तिसरीतल्या मुलाची वही मोबाइलखाली धरली की हातच्याची चूक सगळ्या वर्गाला दिसते. मोबाइल दोन बाकांवर आडव्या ठेवलेल्या पट्टीला रबराने बांधायचा, वहीपासून फूटभर उंच. या एका वापरासाठी पॅनल ठेवण्यासारखं आहे. टचची गरज शून्य.

वजाबाकीची तयार अ‍ॅप मात्र ठेवून दिली. ५२ मधून २७ घालवताना पडद्यावरच्या दशकाला बोट लावलं की तो आपोआप दहा सुट्यांत फुटतो. मुलाने काहीच केलेलं नसतं. त्यापेक्षा खराट्याचे हीर घ्या, १० सेंटिमीटरचे तुकडे करा, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर रबर मुलालाच सोडावं लागतं, आणि सोडलेले दहा आणि हातातले दोन मिळून बारा हे त्याला मोजावंच लागतं. एक जुना खराटा अख्ख्या शाळेला पुरतो.

पाठ्यपुस्तकातला दीक्षाचा (सरकारी अभ्यासाच्या अ‍ॅपचा) क्यूआर कोड पॅनलने वाचता येत नाही, आमच्याला कॅमेरा नाही. कोडखालची सहा अक्षरं अ‍ॅपच्या शोधात टाइप करा. रेंज येते तिथे आदल्या दिवशी त्यातलं साहित्य उतरवून घ्या. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, पॅनल बिघडलेलं नसतं. आवाज बेताचा ठेवा. एकाच खोलीत पहिलीचं गाणं लागलं की चौथीचा भागाकार तिथेच थांबतो.

बसवतानाच्या दोन चुका महागात पडतात. भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असेल तर नेहमीचे प्लगवाले स्क्रू धरत नाहीत, चिरा सच्छिद्र, भोक हळूहळू मोठं होतं आणि वर ४० किलोच्या आसपास वजन. आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूने लोखंडी पट्टी द्या. दुसरी उंचीची. बसवणारे आपल्या खांद्याच्या अंदाजाने लावतात, पहिलीच्या मुलाचा हात खालच्या तिसऱ्या भागापर्यंतच जातो. खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर हवी. आमची साडेतीनवर आहे, म्हणून समोर कायम एक बाक.

गणपतीच्या आणि मेच्या सुट्टीत प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत दमट हवा कोंडते आणि पोर्टांच्या पिना हिरव्या पडतात. जुनी सुती साडी बरी. पोर्टांत कुंभारीण शिरू नये म्हणून रबरी बुचं घाला. शेजारच्या कोणीतरी आठवड्यातून एकदा अर्धा तास सुरू करून ठेवलं तर आतली ओल निघून जाते. मात्र वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा, नेटची वायर असेल तर तीही. कातळावरच्या शाळांनी अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहा.

आणि बिल शाळेच्या नावाने मागा. आमचं मंडळाच्या नावाने आहे, त्यामुळे प्रत्येक तक्रारीला डोंबिवलीहून एका काकांचा ओटीपी यावा लागतो, आणि काका रात्रपाळीला असतात.

वॉरंटी पुढच्या महिन्यात संपते. वार्षिक देखभाल कराराचं पत्रक येऊन पडलंय, त्यात टच फ्रेम वगळलेली आहे. पत्रकाची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर सध्या चौथीची गुणाकाराची गणितं चालू आहेत.