मज्जारज्जूचा रक्तप्रवाह मोजायचाय: एमआरआय, बुडबुड्यांची सोनोग्राफी की एनआयआरएस?

सिनॉप्सिस, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रबंधाचा आराखडा, भरायची तारीख जवळ आली की ज्युनियरांपैकी कोणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच. मणक्याला मार लागलेल्या पेशंटच्या मज्जारज्जूत रक्त कितपत फिरतंय ते मोजायचंय, कशाने मोजू? बहुतेकांच्या मनात एमआरआय आधीच ठरलेला असतो. माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून ठेवतो.

मार बसतो त्या क्षणी जे मरतं ते मरतं. त्याभोवतीची जी कड अजून जिवंत असते, ती पुढच्या तासांत आणि दिवसांत सुजेपायी, गोठलेल्या आणि फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांपायी हळूहळू जाते. वाचवायची ती हीच कड. आज आयसीयूत आपल्या हातात त्यासाठी आहे तो रक्तदाब. 2013 च्या अमेरिकन न्यूरोसर्जरीच्या गाइडलाइनमध्ये सरासरी रक्तदाब म्हणजे मॅप 85 ते 90 वर सात दिवस ठेवा, असं होतं. 2024 मध्ये एओ स्पाइन या मणक्याच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तो पट्टा रुंद केला: किमान 75 ते 80, वर 90 ते 95 च्या पुढे नाही, तीन ते सात दिवस. पण टाकी भरलेली आहे म्हणून चोंदलेल्या नळाला पाणी येईलच असं नाही. मॅप कळतो दंडात किंवा मनगटात. मज्जारज्जूच्या मधोमध काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आता एमआरआय. मशीन आहे, टेक्निशियन आहे, पेशंट तसाही स्कॅनला जाणारच आहे, मग परफ्यूजनचा, म्हणजे ऊतीत फिरणारं रक्त मोजणारा, एक सिक्वेन्स जोडायला काय जातं? जातं बरंच. ही तंत्रं मेंदूसाठी घडलेली आहेत. मानेतला मज्जारज्जू पुढून मागे जेमतेम सात-आठ मिलिमीटर. परफ्यूजनच्या चित्रातला एक चौकोन दीड-दोन मिलिमीटरचा धरला, तर त्या जाडीत चार-पाच चौकोन बसतात, आणि कडेच्या चौकोनांत अर्धं पाणीच असतं. भोवती सीएसएफ, म्हणजे मज्जारज्जू ज्यात तरंगतो ते पाणी, ठोक्याठोक्याला हलतंय, शेजारी हाड आणि फुप्फुसातली हवा चुंबकीय क्षेत्र बिघडवतायत. यातलं थोडंफार निस्तरता येईल. पण एक अडचण निस्तरता येत नाही. गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्टची, म्हणजे चित्रात रक्त वेगळं दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाची, नेहमीची पद्धत अशी की औषध रक्तातून जाताना सिग्नल काळवंडतो, आणि किती काळवंडला त्यावरून प्रवाहाचा हिशेब मांडायचा. ताज्या जखमेत सांडलेल्या रक्तातल्या लोहाने ती जागा आधीच काळी करून ठेवलेली असते. जिथे प्रश्न आहे, नेमकं तिथेच उत्तर खाल्लं जातं. ऑपरेशननंतर टायटॅनियमचे स्क्रू बसले की उरलंसुरलंही गेलं.

कॉन्ट्रास्ट न देता, रक्तालाच चुंबकीय खूण करून मोजायची पद्धत आहे, एएसएल. अमेरिकेत मिलवॉकीच्या मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमधल्या गटाने रॅटच्या मज्जारज्जूचा प्रवाह तशा पद्धतीने मोजून तो पुढच्या हालचालीशी ताडून पाहिलाय. तिथे प्राणी भूल दिलेला आणि चुंबक जबरदस्त. माणसात, दीड टेस्लाच्या नेहमीच्या चुंबकावर, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये तो इवलासा सिग्नल शोधणं म्हणजे वरातीत घड्याळाची टिकटिक ऐकणं.

तरी एमआरआयच्या बाजूची एक गोष्ट दुसऱ्या कशातच नाही: तो पुन्हा पुन्हा करता येतो, ऑपरेशनच्या आधी आणि सहा महिन्यांनीही. तुमचा प्रश्न महिन्यांचा असेल, तर तोच घ्या.

दुसरा पर्याय कॉन्ट्रास्ट दिलेली सोनोग्राफी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझं मत इकडे झुकतं. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडायचे. आत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू, वर चरबीचं पातळ कवच, आकार तांबड्या पेशीपेक्षाही लहान. ते रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत, काही मिनिटांत विरतात आणि वायू श्वासावाटे निघून जातो. मूत्रपिंडावर भार नाही. क्वचित ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येते, तेव्हा ॲनेस्थेशियावाल्यांना आधी सांगून ठेवायचं.

अडचण एकच, पण मोठी: हाडातून अल्ट्रासाउंड जात नाही. म्हणजे लॅमिनेक्टमी होऊन मज्जारज्जूवरचं हाड निघाल्यावरच हे जमतं. मग याला नॉन-इन्व्हेजिव्ह म्हणायचं का? ड्युरा, म्हणजे मज्जारज्जूवरचं जाड आवरण, उघडावा लागत नाही, मज्जारज्जूला सुई लागत नाही, आणि हाड तसंही दाब कमी करायला काढलेलंच असतं. त्या अर्थाने म्हणता येतं. पण सिनॉप्सिसमध्ये तो शब्द मोघम वापरलात, तर एथिक्स कमिटीत कोणीतरी अडवणारच.

ओटीत प्रत्यक्ष होतं ते असं. जखमेत कोमट सलाइन भरायचं आणि निर्जंतुक पिशवीतला छोटा प्रोब ड्युराला न टेकवता त्यात बुडवायचा. पहिल्यांदा मी सलाइन सिरिंजने जोरात मारलं. त्यात हवेचे बुडबुडे शिरले आणि पडदाभर नुसती पांढरी खरखर. ड्युरावर रक्ताची गुठळी किंवा रक्त थांबवायचा स्पंज राहिला तरी तीच गत. औषधाची कुपीही ओढण्याआधी पुन्हा हलवायची, नाहीतर बुडबुडे वर तरंगतात आणि सिरिंजमध्ये निम्मं पाणी येतं. सगळं जमलं की मशीनवर फ्लॅश द्यायचा: एका दणक्यात त्या पट्ट्यातले बुडबुडे फुटतात, चित्र काळं होतं आणि मग पुन्हा उजळू लागतं. निरोगी भाग भराभर भरतो, जखमेचा गाभा काळाच राहतो. दोन्हींच्या मध्ये एक कड रेंगाळत, उशिरा उजळते. ज्या कडेसाठी आपण मॅप चढवत बसतो, ती डोळ्यांसमोर दिसते. फ्रान्समध्ये आणि सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये रॅटवर हे काम झालंय, त्यामुळे वाचायला पाया तयार आहे.

मात्र हा एका क्षणाचा फोटो. पेशंट पालथा आहे, भुलीखाली आहे. त्या मिनिटाचा मॅप आणि कार्बन डायऑक्साइड लिहून ठेवला नाही तर आकड्याला अर्थ नाही. टाके पडले की खिडकी बंद.

एनआयआरएस, म्हणजे निअर-इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणं, थोडक्यात. कातडीवर पट्टी चिकटवायची, 700 ते 900 नॅनोमीटरचा प्रकाश आत सोडायचा आणि ऑक्सिजन असलेलं-नसलेलं हिमोग्लोबिन मोजायचं. बिछान्याशी, चोवीस तास. ऐकायला छानच. पण प्रकाश दोन-तीन सेंटिमीटर जातो आणि मज्जारज्जू बहुतेक मोठ्या माणसांत त्याहून खोल, हाडाआड. म्हणजे मोजता ते पाठीचे स्नायू. महाधमनीच्या ऑपरेशनमध्ये हे चालतं, कारण स्नायू आणि मज्जारज्जू यांना रक्त एकाच जाळ्यातून जातं. अपघातात तो स्नायूच ठेचलेला असतो. व्हँकुव्हरच्या गटाने म्हणूनच डुकरांमध्ये सेन्सर थेट ड्युरावर ठेवला. तिथे पट्टीची गोष्ट संपली. शिवाय हा ऑक्सिजन आहे, प्रवाह नव्हे. लेझर डॉपलरचा, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने प्रवाह मोजायचा, विचार असेल तर तो सोडून द्या, मिलिमीटरभर खोलीच्या पलीकडे त्याला दिसत नाही.

मग घ्यायचं काय? तुमचे सर्जन पहिल्या दिवसांत ऑपरेशन करतात आणि दहा मिनिटं थांबायला तयार आहेत, तर सोनोग्राफी. ऑपरेशनं आठवड्याने होत असतील तर ती कड तोवर उरलेली नसेल. एमआरआयच्या नेहमीच्या चित्रांवर रक्तस्राव आणि सूज मोजा, परफ्यूजनचा हट्ट धरू नका. प्राण्यांची प्रयोगशाळा हाताशी असेल तर एएसएल खुशाल.

आणि सोनोग्राफी ठरली तर सगळ्यात आधी रेडिऑलॉजीच्या ऑफिसात जा. मशीन पाठीसाठी वापरा नाहीतर कशासाठी, पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली त्याची नोंदणी लागतेच, आणि शेजारच्या कॉलेजातून उसनं मशीन गाडीत घालून आणता येत नाही. आमचे तीन महिने त्या कागदांत गेले, पेशंट मिळायला तेवढे लागले नाहीत.