पॉलिथिन आतून की बाहेरून? मनालीचं घर आणि मुंबईतली एसीची खोली

मनालीकडे जागा घेऊन लाकडी होमस्टे बांधायला निघालेला एखादा मुंबईकर आपल्या ओळखीत असतोच. त्याच सुमारास त्याला बोरिवलीतला वरच्या मजल्याचा फ्लॅटही उन्हापासून वाचवायचा असतो. कंत्राटदार दोन्हीकडे एकच उपाय सुचवतो: ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) भरा, आतल्या बाजूने पॉलिथिन ताणा, वर जिप्सम बोर्ड मारा. मनालीला हे काही अटींवर चालतं. मुंबईत, तेही एसीच्या खोलीत, तोच उपाय अंगाशी येतो.

हवेतली वाफ उबदार, दमट बाजूकडून थंड, कोरड्या बाजूकडे जाते. जानेवारीत मनालीच्या खोलीत 20 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण 9 अंशांवर येतो. बाहेर शून्याखाली. ग्लासवूल उष्णता अडवतं, वाफ अडवत नाही. ती पार होऊन बाहेरच्या प्लायच्या आतल्या अंगाला पोचते आणि तिथे पाणी धरते. म्हणून तिला उबदार बाजूलाच, म्हणजे खोलीच्या बाजूने थोपवायचं. पॉलिथिनसारखा असा थोपवणारा थर म्हणजे बाष्परोधक.

मुंबईत जुलैमध्ये सगळं उलटं. बाहेर 30 अंश, 85 टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू 27 च्या आसपास. आत एसी 24 वर. उबदार बाजू आता बाहेरची. पावसाने भिजलेल्या विटांतून आत येणारी वाफ पॉलिथिनच्या पाठीवर अडते, आणि ते 27 पेक्षा थंड असल्याने तिथेच पाणी होतं. व्हिनाइल वॉलपेपरही नकळत हेच काम करतो. एसीच्या बेडरूममधल्या पश्चिमेच्या भिंतीवरचा असा कागद पावसाळ्यात कोपऱ्यातून सोलून बघा: मागे काळे-गुलाबी डाग आणि कुबट वास.

आता मनालीसाठी काय घ्यायचं? 150 मायक्रॉनचं, म्हणजे बाजारातलं 600 गेजचं पॉलिथिन सगळ्यात स्वस्त. त्याची बाष्पपारगम्यता सुमारे 0.06 पर्म (थरातून किती वाफ जाते ते मोजायचं एकक; आकडा जितका लहान, तितकी वाफ कमी जाते), अमेरिकी नियमांत 0.1 पर्यंतचा थर पहिल्या, सर्वात कडक वर्गात धरतात. हिवाळा लांब आणि घर सतत तापवलेलं असेल, कॅनडात असतं तसं, तर ते ठीक. होमस्टेचं तसं नसतं. पाहुणे असतील तेव्हा बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटते, नाहीतर खोल्या गारठलेल्या. वर पावसाळाही आहेच. एकदा भिंतीत पाणी शिरलं की पॉलिथिन ते आतल्या बाजूला वाळू देत नाही. 0.1 ते 1 पर्ममधला क्राफ्ट कागद लावलेलं ग्लासवूल थोडं सैल, तरी बहुतेक ठिकाणी पुरतं. माझं मत स्मार्ट मेम्ब्रेनला: हा पॉलिअमाइडचा पापुद्रा कोरडा असताना 1 पर्मच्या खाली राहतो आणि दमट झाला की 10 च्या वर उघडतो. महाग आहे, पण वर्षातले काही महिनेच तापणाऱ्या घराला हाच शोभतो. चौकटीच्या बाहेरून जाड एक्सपीएस बोर्ड (थर्मोकोलसारखा, पण कडक फोम) लावणार असाल, तर प्लाय उबदार राहतो. मग आत पॉलिथिन नको, नाहीतर भिंत दोन्ही बाजूंनी कोंडते.

या निवडीवर डोकेफोड करताना खरा चोर सुटतो, तो म्हणजे हवा. अमेरिकी बांधकामशास्त्रातला एक प्रसिद्ध हिशोब आहे: थंड हवामानात चार बाय आठ फुटांच्या अख्ख्या जिप्सम बोर्डातून एका हिवाळ्यात साधारण एक तृतीयांश लिटर पाणी वाफेच्या रूपाने झिरपतं, आणि त्याच बोर्डाला एक चौरस इंचाचं भोक असेल तर गळत्या हवेबरोबर जवळपास 28 लिटर जातं. स्विचबोर्डाच्या डब्यामागे कटरने फाडलेलं पॉलिथिन म्हणजे तेच भोक. टेप आणि सीलंटवर कंजुषी नको.

मनालीच्या छताला हे जास्तच लागू, कारण गरम हवा वर चढते. पॉलिथिन किंवा मेम्ब्रेन ग्लासवूलच्या खाली, आणि वर पत्र्याखालच्या पोकळीत वारा खेळता हवा. फॉल्स सीलिंगमध्ये डाउनलाइटसाठी पाडलेली भोकं मात्र थंड प्रदेशात टाळाच.

मुंबईचं उत्तर तुमच्या एसीच्या तांब्याच्या पाइपवर गुंडाळलेलं आहे. तो काळा नायट्राइल फोम बंद पेशींचा असतो, म्हणून बाहेरची दमट हवा गार पाइपपर्यंत पोचत नाही. जिथे फाटला, तिथे टपटप सुरू. छतालाही तेच हवं: स्लॅबच्या वर एक्सपीएस आणि त्यावर कोबा. सोसायटी गच्चीला हात लावू देत नसेल, तर आतून एक्सपीएस स्लॅबला घट्ट चिकटवून सांधे टेपने बंद करा. खालून मोकळं ग्लासवूल नको. भिंतीला आतून पॉलिथिन तर नाहीच, आणि रंगही श्वास घेणारा निवडा.

खोलीत एसी नसून नुसता पंखा असेल, तर बाष्परोधकाचा खर्चच करू नका. तो पैसा बाहेरच्या भिंतीच्या भेगा बुजवायला आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला लावा.