शोधशुद्धीचा रिपोर्ट: टक्का कशाचा मोजतात आणि काय निसटतं

पीएचडीचा प्रबंध जमा करण्याआधी 'प्लॅगॅरिझम काढून आणा' (म्हणजे वाङ्मयचौर्य किती ते तपासून आणा) असं सांगतात, तेव्हा बहुतेक विद्यापीठांत गाडी शोधशुद्धीवर येते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेली ही उचलेगिरी तपासण्याची सेवा. सुरुवातीला आत उरकुंड हे सॉफ्टवेअर होतं, नंतर ड्रिलबिट आलं. विद्यापीठाला वेगळी वर्गणी भरावी लागत नाही, हा मोठाच फायदा. लॉगिन बहुधा ग्रंथालयाकडे आणि मार्गदर्शकांकडे असतं.

रिपोर्टमध्ये साधर्म्याचा एक टक्का (प्रबंधातला किती मजकूर इतरत्र सापडला) आणि एक श्रेणी छापून येते: १० पर्यंत 'ए', ११ ते ४० 'बी', ४१ ते ६० 'सी', त्यापुढे 'डी'. हे आकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतून आले आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० च्या वर गेला तर नोंदणीच रद्द.

गोची इथेच आहे. त्याच नियमावलीत वाङ्मयचौर्याची व्याख्या 'दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणं' अशी आहे. पण शिक्षेची पायरी ठरते शब्दांच्या साधर्म्यावर. ड्रिलबिट कल्पना तपासत नाही, ओळीनं आलेले सारखे शब्द शोधतं. मुलाखती न घेता भरलेल्या प्रश्नावल्या किंवा गैरसोयीची म्हणून गाळलेली निरीक्षणं त्याला दिसणारच नाहीत. बनावट आकड्यांचा प्रबंध दोन टक्के साधर्म्य घेऊन दिमाखात 'ए' श्रेणीत बसतो.

साधा हिशोब करा. ६०,००० शब्दांच्या प्रबंधात ८ टक्के म्हणजे ४,८०० शब्द, पानाला ३०० धरले तर सोळा पानं. ही सोळा पानं सलग एकाच प्रकरणात असतील तर ती उघड उचलेगिरी आहे, तरी श्रेणी 'ए'. उलट १२ टक्के म्हणजे संशोधन पद्धतीच्या प्रकरणातली ठरावीक वाक्यं, कायद्याची कलमं आणि संस्थांची लांबलचक नावं एवढंच असू शकतं, तरी श्रेणी 'बी'. म्हणून पहिल्या पानावर थांबू नका. स्रोतांची यादी उघडा. एकाच स्रोताशी तीन-चार टक्के जुळत असेल तर ती पानं शेजारी ठेवून वाचा. प्रत्येकी एक टक्क्याहून कमीचे चाळीस स्रोत असतील तर बहुधा काळजीचं कारण नाही.

मग रिपोर्टमध्ये काय काय वगळलंय ते पाहा. अवतरणं वगळली का, संदर्भसूची वगळली का, किती शब्दांखालची जुळणी सोडून दिली, हे तिथं लिहिलेलं असतं. यूजीसीने ओळीनं १४ शब्दांपर्यंतचं सामान्य ज्ञान किंवा योगायोगानं जुळलेले शब्द सोडायला सांगितलं आहे. इंग्रजीला हे ठीक. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते. 'शेतकऱ्याच्या घरात' हे आपले दोन शब्द, इंग्रजीत चार ते सहा होतात. म्हणजे मराठीत १४ शब्दांची सूट बरीच सैल पडते आणि अख्खं वाक्य उचललं तरी गाळणीतून सहज पार होतं. मराठी प्रबंधासाठी ही मर्यादा खाली आणून एकदा वेगळा रिपोर्ट काढावा. तो प्रबंधाला जोडायचा नसतो, स्वतः वाचायचा असतो.

मराठीची खरी अडचण मात्र फॉन्टची आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये आत रोमन अक्षरं असतात, देवनागरी फक्त डोळ्यांना दिसते. अशी फाइल युनिकोड मजकुराशी (ज्यात आतही खरी देवनागरी अक्षरं असतात) जुळण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे शून्य-दोन टक्के येतात आणि सगळे खूश! तपासायला अर्धं मिनिट लागतं: पीडीएफमधली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांचा काला दिसला तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि पहिली वेलांटी व रफार जागेवर आहेत का ते डोळ्यांनी पाहा. तिथं शब्द तुटला की जुळणीही तुटते. स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूरच नसतो, नुसती चित्रं. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले अनेक जुने मराठी प्रबंध याच दोन रूपांत आहेत, त्यामुळे त्यांतून केलेली उचल सापडण्याची आशा कमी. जी छापील पुस्तकं आणि जुनी मासिकं आंतरजालावर नाहीत, ती तर हिशोबातच नाहीत.

हिंदी किंवा इंग्रजी प्रबंध यंत्राकडून मराठीत आणला तरी शब्द जुळत नाहीत. तिथं वाचणाऱ्याचा कानच कामाला येतो. 'द्वारा', 'हेतू', 'च्या संदर्भात' यांची गर्दी अचानक वाढली किंवा पुण्यावरच्या प्रबंधात कानपूरचे दाखले दिसले, तर थांबून विचारायचं.

चलाखीवरही एक नजर असू द्या. दोन शब्दांमधल्या जागेत पांढऱ्या रंगाचं अक्षर घातलं की सॉफ्टवेअरला लांबच लांब एकच शब्द दिसतो. रिपोर्टवरची एकूण शब्दसंख्या पानांच्या मानानं फारच कमी आहे का ते पाहा. मूळ वर्ड फाइल मागून सगळा मजकूर काळा केला की हे उघडं पडतं.

संशय पक्का झाला तर नुसता टक्का घेऊन तक्रार करू नये. मूळ मजकूर आणि प्रबंधातलं पान शेजारी, पृष्ठक्रमांकासह, असा तक्ता विभागीय समितीला द्यावा. ही तीन जणांची समिती: विभागप्रमुख, विभागाबाहेरचे ज्येष्ठ अध्यापक आणि अशी सॉफ्टवेअरं जाणणारी एक व्यक्ती. तक्रार मिळाल्यापासून ४५ दिवसांत तिनं संस्थेच्या समितीकडे शिफारस पाठवायची, पुढे त्या समितीलाही ४५ दिवस. संबंधिताला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय दंड करता येत नाही. तोच माणूस पुन्हा सापडला तर शिक्षा एक पायरी वरची. पदवी आधीच मिळालेली असेल तर ती स्थगित ठेवता येते. प्रकाशित लेखांना वेगळे दंड आहेत: ४० ते ६० टक्क्यांना एक वार्षिक वेतनवाढ आणि दोन वर्षं नवे विद्यार्थी घेण्याचा हक्क जातो, ६० च्या पुढे दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं.

विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी. स्वतःचे छापलेले लेख प्रबंधात आले असतील तर ते स्रोत म्हणून दिसणारच. तसं प्रबंधात लिहा, लेखांची यादी आणि मार्गदर्शकांचं पत्र जोडा, मग तो स्रोत वगळता येतो. आणि कच्चा मसुदा तपासताना तो सॉफ्टवेअरच्या संग्रहात साठवला जाणार नाही याची ग्रंथपालांकडून खात्री करून घ्या. विद्यापीठाच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडे 'टक्का काढून' घेतलेली फाइल एखाद्या संग्रहात जाऊन बसली आणि तो संग्रह अंतिम तपासणीत आला, तर आपलाच प्रबंध आपल्याशी नव्वद टक्के जुळतो. मग ती नोंद हटवून मिळेपर्यंत सगळ्यांना पत्रं लिहीत बसावं लागतं.