सीफार्म: रिलीजआधी लायब्ररीचा कस लावायची जागा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे लॅबमधलं मशीन म्हणजे बहुतेक इंटेल, नाहीतर एएमडी. त्यावर पोर्टेबिलिटी लायब्ररीच्या (एकच कोड वेगवेगळ्या सिस्टीमवर चालावा म्हणून लिहिलेल्या लायब्ररीच्या) सगळ्या टेस्ट पास झाल्या तरी निम्मं काम बाकीच असतं. सिस्टीम-सिस्टीममधले फरक झाकायलाच जी लिहिली, ती त्या सिस्टीमवर चालवून बघायला नको? पॉवर, स्पार्क, आर्म प्रोसेसरची किंवा एआयएक्स, सोलारिस या युनिक्स सिस्टीमची मशीनं विकत कोण घेणार! सीफार्म, म्हणजे पूर्वीचा जीसीसी कंपाइल फार्म, ही मशीनं फुकट वापरू देतो. काम मुक्त सॉफ्टवेअरचं हवं. खातं मागायचं, एसएसएच की (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची पब्लिक की) द्यायची, झालं.

तिथे गिट क्लोन करू नका, म्हणजे सोर्स थेट रिपॉझिटरीतून उतरवू नका. ‘मेक डिस्टचेक’ (रिलीजचं पॅकेज बनवून ते बिल्ड करून तपासणारी कमांड) पास झालेला टारबॉलच, म्हणजे सोर्सचं ते पॅकेजच, पाठवा, कारण लोकांच्या हातात तोच पडणार. फक्त एआयएक्सला लागणारी हेडर फाइल मेकफाइलमध्ये नोंदवायची राहिली, तर लिनक्सवरचं डिस्टचेक काहीच बोलत नाही. टारबॉल एआयएक्सवर बिल्ड केला की चूक लगेच सापडते. तिथे ‘जीमेक’ (जीएनयू मेक) वापरा. ‘सेड -आय’ (फाइल जागेवरच बदलायची सोय, ती प्रत्येक सिस्टीमवर नसते) स्क्रिप्टमधून काढा. मॅलॉकला (मेमरी मागायचं सी फंक्शन) शून्य दिलं तर एआयएक्स नल, म्हणजे रिकामा पत्ता, परत करतं. त्याला मेमरी संपली असं समजणारा कोड उगाच बंद पडतो.

खरी किंमत कळते ती अशा चुकांत: गेटचारचं (एक अक्षर वाचणाऱ्या सी फंक्शनचं) उत्तर ‘इंट’ऐवजी ‘चार’ या लहान टाइपमध्ये ठेवलं. इंटेलवर चालतं. आर्म किंवा पॉवरच्या लिनक्सवर ‘चार’ अनसाइन्ड (ऋण किंमत न धरणारा), त्यामुळे ईओएफशी (इनपुट संपल्याची ऋण खूण) तुलना कधीच जुळत नाही आणि लूप थांबतच नाही. बफरमधल्या चारच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून थेट ‘इंट’ वाचला तर स्पार्कवर सिगबस (चुकीच्या पत्त्याचा सिग्नल) येऊन प्रोग्रॅम कोसळतो. तिथे मेमकॉपी (बाइट कॉपी करणारं फंक्शन) हवी.

मशीनं सामायिक आहेत, म्हणून ‘नाइस’ (आपलं काम कमी प्राधान्याने चालवणारी कमांड) लावा, सगळे कोअर अडवू नका. आपल्याकडे लाइट गेली की एसएसएच तुटतं. लांबलचक टेस्ट ‘नोहप’खालीच (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारी कमांड) चालवा. प्रत्येक कमिटला धावणारं सीआय (आपोआप टेस्ट करणारी यंत्रणा) म्हणून मात्र हे वापरू नये.

लिबटूलचं (शेअर्ड लायब्ररी बांधणारं साधन) ‘वर्जन-इन्फो’, म्हणजे करंट, रिव्हिजन आणि एज या तीन अंकांचा लायब्ररीच्या इंटरफेसचा आकडा, चुकलं तर सीफार्मवरच्या बिल्डमध्ये ते दिसणार नाही. नुसता कोड बदलला तर रिव्हिजन एकने वाढवा. फंक्शन वाढवलं तर करंट आणि एज दोन्ही एकने वाढवून रिव्हिजन शून्य करा. काढून टाकलं तर करंट एकने वाढवा, बाकी दोन्ही शून्य. हा आकडा टारबॉल बनवायच्या आधीच बसवा.