मार्चमध्ये होड्यांची शर्यत

पुतण्याची दहावी आटोपली की केरळ, हे दिवाळीतच ठरलं होतं. आम्ही तिघं, दीर-जाऊ, पुतण्या आणि सासूबाई, असे सात जण. पनवेलहून नेत्रावतीची तिकिटं आमची आम्हीच काढली. अख्ख्या सहलीत तेवढीच खरी निघाली.

बाकी सगळं फेसबुकवरच्या एका जाहिरातीवरून घेतलं. मुन्नार दोन रात्री, थेक्कडी एक, अलेप्पीला हाउसबोटीवर एक. गाडी, नाश्ता, रात्रीचं जेवण धरून 84 हजार. फुकटात वाटावं असं स्वस्तही नव्हतं, म्हणून शंका आली नाही. बोलणारा मराठीच. सासूबाईंच्या गुडघ्यांचं सांगितलं तर म्हणाला, "आईंना तळमजल्याची खोली देतो ना, ताई." आधी 20 हजार घेतले. निघायच्या दहा दिवस आधी फोन: हाउसबोटी भरत आल्यात, आज पूर्ण भरलंत तर पाच हजार कमी. पाठवले 59 हजार. यूपीआयवर कंपनीचं नाही, कुणा माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे अकाउंटंटचं खातं आहे. आम्ही बरं म्हटलं!

एर्नाकुलमला आमच्या नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा असणार होता. तासभर वाट बघितली. फोन बंद. व्हाउचरवर मुन्नारच्या हॉटेलचा म्हणून दिलेला नंबरही बंद. सासूबाई बॅगेवर बसून सगळ्यांची तोंडं बघत होत्या. शेवटी जाऊने नकाशावरून हॉटेलचा खरा नंबर काढला. तिथल्या माणसाने दोनदा तपासून सांगितलं, या नावाने काहीच नाही. हाच फोन पनवेलहून केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

मुन्नारचा नाद सोडला, गाडी धरून अलेप्पी गाठलं. तिथे एका होमस्टेत दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीणबाईंनी आमचा छापील कार्यक्रम वाचायला घेतला आणि त्यांना हसू फुटलं. मग आमच्याकडे बघून त्या गप्प झाल्या.

कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी मुन्नारजवळचं 'इरविकुलम राष्ट्रीय उद्यान' होतं. नीलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते पर्यटकांना बंद असतं. मुखपृष्ठावर निळ्याजांभळ्या फुलांनी भरलेला डोंगर, खाली 'या मोसमाचं खास आकर्षण'. ती नीलकुरिंजी, बारा वर्षांनी फुलते. 2018ला फुलली, आता 2030ला. आणि अलेप्पीत 'सर्पनौकांची शर्यत'. "शर्यत ऑगस्टमध्ये," बाई म्हणाल्या. "आता मार्च आहे." कोचीचं ऑफिस सांगणाऱ्याचा जीएसटी नंबर 07ने सुरू होत होता, हे रात्री दिराच्या लक्षात आलं. 07 दिल्लीचा, केरळचा 32. कागद सहा आठवडे आमच्या फ्रिजवर चिकटवलेला होता. मी त्यात फक्त जेवण कुठे कुठे धरलंय ते बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला सरकारी जलवाहतुकीच्या बोटीत बसवून दिलं, अलेप्पी ते कोट्टायम. शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या, दारापुढे पाणी असलेली घरं. तिकीट नाममात्र. सासूबाईंना हीच हाउसबोट वाटली आणि कुणीही त्यांना दुरुस्त केलं नाही.

माझी खरी चूक मात्र पुढची. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन तिसऱ्या दिवशी केला. लोक काय म्हणतील, म्हणून नवरा आणि मी टाळत राहिलो. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेलेले होते. 11 हजार गोठवता आले, तेही अजून हातात नाहीत. पहिल्या तासात, स्टेशनवरूनच फोन करायचा होता. पैसे पाठवल्याचा संदर्भ क्रमांक आणि स्क्रीनशॉट तर मोबाइलमध्येच होते.

परवा जाऊने एक जाहिरात पाठवली. कंपनीचं नाव वेगळं, नंबर वेगळा. फोटो मात्र तोच, निळा डोंगर. खाली लिहिलंय: 'मे महिन्याची खास ऑफर'.